एका शेताचे तीन बांध

या अंकासाठी लिहा, असं संपादकांनी उन्हाळ्यात कळवलं होतं. मी कागद पुढं ओढला तो पाऊस सरत आल्यावर. बाई दुःखात आहेत म्हणून उशीर होतोय, असं त्यांना वाटलं असेल. तसं आहेच थोडं. माधवरावांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. पण घाई मला आधीपासूनच जमत नाही. ज्या कामात रंगाचा एक हात दिल्यावर तो वाळेपर्यंत नुसतं बघत बसायचं असतं, त्या कामात माणूस मंद होतो. पुढं त्याला ते आवडायलाही लागतं.

सत्तरच्या दशकात सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोलीत संसार, आणि टर्पेंटाइनचा वास दोन्हीकडं. जिन्याशी पाटी होती, ‘तैलरंगातील निसर्गचित्रे करून मिळतील’. ती वाचून लोक वर येत आणि देवांचे फोटो आहेत का, असं विचारत.

माधवराव आणि मी चित्रकलेच्या शाळेत भेटलो. लग्नानंतर कामाची वाटणी आपोआप झाली. खालचा थर त्यांचा, वरचे माझे. हे जरा सांगायला हवं. तैलचित्राची एक जुनी पद्धत आहे. आधी सगळं चित्र नुसत्या तपकिरी आणि पांढऱ्या रंगात करायचं. झाड, ओढा, आभाळ, सगळं मातकट. उजेड कुठं आणि सावली कुठं, एवढंच त्यात ठरतं. ते वाळलं की जवसाच्या तेलात चिमूटभर रंग कालवून त्याचे पातळ, पारदर्शक थर द्यायचे. एक द्या, थांबा, मग दुसरा द्या. पिवळ्यावर निळा चढला की हिरवं होतं, आणि ते डबीतल्या हिरव्यासारखं नसतं, त्याच्या आतून उजेड येतो. लहानपणी सरबताच्या बाटलीची काच डोळ्याला लावून अंगण बघितलं असेल, तर मी काय म्हणते ते कळेल. या थरांचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवावा. ते काहीही झाकत नाहीत. खाली असेल ते दाखवतात, आणि कधी कधी जास्तच दाखवतात.

माणसं म्हणूनही आमची विभागणी साधारण अशीच होती. गिऱ्हाइकाशी बोलायचं त्यांनी, आणि ते जे बोलून बसले ते निभवायचं मी. माधवरावांना ‘नाही’ म्हणता येत नसे. कुणी काहीही मागितलं की मान डोलवून म्हणत, “होऊन जाईल की.” एका सराफांना बर्फाचे डोंगर हवे होते आणि पायथ्याशी त्यांची आवडती, नुकतीच वारलेली म्हैस. होऊन गेली. मग बर्फात तिला थंडी वाजेल म्हणून सराफांच्या बायकोनं तिच्यावर झूल घालायला सांगितली. तीही घातली. ती झूल मी इतकी मन लावून रंगवली, की लोक डोंगर सोडून तिचंच कौतुक करायचे.

दुसरे एक वकील खालचा मातकट थर बघून न बोलता जिना उतरले आणि खालच्या दुकानदाराला म्हणाले, दुष्काळ आत्ता कुठं सरलाय, तो भिंतीवर कशाला टांगायचा? आमच्या घाण्यावाल्या मामांना वाटायचं, आम्ही जवसाचं तेल खातो. माणसं दोन आणि तेल एवढं, म्हणून ते माझ्या तब्येतीकडं काळजीनं बघत.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धूळ. ओल्या तेलावर सोलापूरची धूळ आणि चिलटं आनंदानं येऊन बसतात. म्हणून आम्ही चित्र आडवं ठेवून त्यावर चार दोऱ्यांनी एक जाड सोलापुरी चादर टांगत असू, चित्राला न टेकेल अशी. आलेला माणूस ती बघून चपला बाहेर काढायचा, आवाज खाली आणायचा आणि विचारायचा, “कोण पडून आहे?” शेजारच्या काकूंनी तर एकदा मोसंबी आणून ठेवली. माधवराव त्यांना म्हणाले, आता बरं आहे, फक्त आभाळ वाळायचंय.

तर त्या काळात भीमराव आमच्याकडं आले. नवी पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. मूळचे मोहोळकडचे. धाकटा भाऊ दत्तू गावी शेती बघायचा. त्यांची आई, जिला सगळे आक्का म्हणत, मोरीत पाय घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं म्हणून भीमरावांनी तिला सोलापुरात आणून ठेवली होती. जन्म शेतात गेलेली बाई, आणि पलंगावरून दिसायची शेजाऱ्याची भिंत. रोज सकाळी विचारायची, ज्वारी कुठवर आली? भीमरावांना स्टीलचे भाव तोंडपाठ, ज्वारीचं काय सांगणार? ते रोज सांगत, “आली, आली.” आक्का म्हणायची, आली तर गेली कुठं?

“तिला शेतावर नेता येत न्हाय,” भीमराव म्हणाले, “तर शेतच आणून समोर लावू. जसंच्या तसं पाहिजे.”

“होऊन जाईल की,” माधवराव म्हणाले.

आम्ही एसटीनं मोहोळला गेलो आणि तिथून दत्तूच्या बैलगाडीनं शेतावर. हुरड्याचे दिवस होते. दत्तू मोठा आतिथ्यशील माणूस, आग्रह करकरून खायला घालायचा. माधवरावांनी इतका हुरडा खाल्ला की बरंचसं रेखाटन त्यांनी आडवं पडून केलं. त्या चित्रात आभाळ जास्त का आलं, याचं कारण कलेच्या पुस्तकात सापडणार नाही.

आम्ही ओढ्याच्या अलीकडं बसलो होतो. ओढ्यापलीकडं शेत चढत चढत वर गेलेलं. भावांनी त्याच साली तोंडी वाटणी केली होती. ओढ्याकडचा खालचा तुकडा भीमरावांचा, वरचा दत्तूचा. मध्ये आडवा बांध, आणि बांधावर एक प्रचंड चिंच. भांडण त्या चिंचेचं होतं. बांध एका बाजूनं तिच्या बुंध्याशी येऊन थांबला होता आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा सुरू झाला होता. त्यानं तिला वरून वळसा घालायचा की खालून, हे ठरलेलं नव्हतं. म्हणजे चिंच कुणाची, हेही ठरलेलं नव्हतं. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आक्काला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तिला वाटणी झाल्याचंच ठाऊक नव्हतं.

माधवरावांनी दिसला तसा बांध चिंचेच्या बुंध्यातून आरपार काढला. बांधावरच्या उन्हासाठी जाड पांढरा रंग चाकूनं थापला. छान झाला होता.

मग भीमराव बघायला आले. मातकट चित्र बराच वेळ न्याहाळून म्हणाले, झकास आहे, फक्त बांध जरा वर सरकवा. चिंच खालच्या अंगाला येऊ द्या. माधवरावांनी काय उत्तर दिलं ते सांगायला नको. जुन्या बांधावर तपकिरी रंग फिरवला आणि वर नवा थापला.

दत्तूच्या कानावर ते गेलं. तो शेंगांचं पोतं घेऊन माडीवर आला. चादर बाजूला केली तसा त्याचा चेहरा पडला.

“मास्तर, माझी वाटणी एवढीशी? चिंधी हाय का ही?”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. खालचा तुकडा जवळ म्हणून चित्रात ऐसपैस पसरला होता, वरचा लांब म्हणून पट्टीएवढा राहिला होता. माधवरावांनी त्याला खिडकीशी नेलं आणि समजावलं, लांबची वस्तू लहान दिसते. ही गल्ली बघा, त्या टोकाला कशी निमुळती होत गेलीय.

“ती गल्ली हाय,” दत्तू म्हणाला. “गल्ली बारीकच आसती. माझं शेत का बारीक करता?”

शेवटी माधवरावांनी त्याला गल्लीच्या टोकाला जाऊन रुंदी बघायला सांगितलं. तो गेला. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्यानं भर गल्लीत दोन्ही हात पसरले, एक सायकलवाला अडवला, मग वळून आमच्याकडं बघितलं आणि तिथूनच ओरडला, “मास्तर, हितनं तुमचंच घर बारीक दिसतंय की!”

परत आला तो समजूत पटून आला, असं वाटलं. घोटभर पाणी पिऊन म्हणाला, “मग तिकडनंच काढा चित्र.”

मी मध्ये पडले नसते तर माधवरावांनी त्यालाही होकार दिला असता. तोड अशी निघाली की चित्र आहे तिथूनच राहील, पण बांध चिंचेच्या खालून जाईल. दुसऱ्या बांधावर तपकिरी रंग फिरला आणि खाली तिसरा बांध आला.

“त्यांना काय सांगणार?” दत्तू गेल्यावर मी विचारलं.

“कुणाला?” माधवराव म्हणाले. इतक्या निर्मळ चेहऱ्यानं, की मी उठून ब्रश धुवायला घेतले.

मी रंगाचे थर सुरू केले तेव्हा व्हायचं ते झालं. वर तपकिरी फिरवला तरी खाली थापलेल्या रंगाचा उंचवटा तसाच राहतो. पातळ तेलरंग उंचवट्यावरून ओघळतो आणि कडेला साचतो. पिवळा थर दिला तसे शेतात तीन बांध उभे राहिले. निळा दिला तसे ते आणखी ठसठशीत झाले. मी जितकं चांगलं काम करत होते, तितकं चित्र बिघडत होतं.

तिसऱ्या बांधाचं भीमरावांनाही कळलं, तेव्हा भावांनी गावातले एक वयस्कर पंच आणले. त्यांना तात्या म्हणत. शहाणा माणूस, पण तैलचित्र पहिल्यांदाच बघत होता. कोण काय म्हणतंय ते ऐकून घेऊन त्यांनी बाह्या सारल्या आणि मी अडवायच्या आत ओल्या चित्रावर वीत टाकून मोजणी सुरू केली. भीमरावांचं शेत दोन वीत भरलं, दत्तूचं चार बोटं. तात्या गंभीर झाले. “ह्यो अन्याव हाय,” म्हणाले. “आभाळ कुणाच्या वाटणीला?” कारण सगळ्यात जास्त तेच होतं, हुरड्याच्या कृपेनं. त्यांचा अंगठा आभाळात उमटला तो निघेना. मी त्याची घार केली.

निकाल लागला नाही. उलट दोन्ही भाऊ स्वतंत्रपणे बजावून गेले, बांधाचं ठरल्याशिवाय चित्र घराबाहेर न्यायचं नाही.

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग एका दुपारी भीमराव एकटेच आले आणि बाकावर बसून राहिले. आक्का जेवण टाकायला लागली होती. चित्र कधी येणार म्हणून विचारायची, आणि भीमराव सांगायचे, रंग वाळायचाय. त्या दिवशी ती म्हणाली होती, “ज्वारी वाळून, खळं हून, पोत्यात गिली आसंल. कसला रंग हाय ह्यो? मी ऱ्हातीया का तवर?”

“मग घेऊन जाऊ या,” माधवराव म्हणाले.

“कुठल्या बांधाचं?” भीमरावांनी विचारलं. तेही कळवळून विचारत होते. आई आणि चिंच दोन्ही खऱ्या होत्या.

रात्रीच्या जेवणाला माधवरावांनी विषय काढला. सगळं खरवडून पहिल्यापासून करू या का? मी म्हटलं, खरवडून, वाळवून, पुन्हा थर चढवायला पाऊसकाळ उजाडेल. तोवर ती बाई कुठं थांबतेय? आणि आपला रंग झाकत नाही, तर नाही झाकत. आहे तसं नेऊ. ते या वेळी ‘होऊन जाईल की’ म्हणाले नाहीत. त्यांना ते म्हणता आलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी चित्र आडवं धरून, वर चादर ताणून, नवी पेठेतून नेलं. पुढं माधवराव, मागं मी. लोकांनी वाट करून दिली. एका दुकानदारानं टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, “कोण हो?”

“शेत आहे,” माधवराव म्हणाले.

दत्तूला निरोप गेला होता. तोही आला होता. पलंगाच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला भीमराव, एकमेकांकडं न बघता. आम्ही चित्र भिंतीला टेकवून चादर काढली. दोघांचे डोळे थेट चिंचेवर. तिथं तीन बांध.

आक्का बघत राहिली. आधी ओढा बघितला, मग चिंच, मग वर आभाळापर्यंत गेली आणि पुन्हा खाली आली. तिचे ओठ हलत होते, काहीतरी मोजल्यासारखे.

“ताली घातल्या व्हय रं?” ती म्हणाली.

उतारावरून पाणी आणि माती वाहून जाऊ नये म्हणून शेतात आडवे मातीचे बांध घालतात, त्यांना तिकडं ताली म्हणतात. आक्काच्या नवऱ्याची ती जन्माची इच्छा होती, हे मला नंतर समजलं. दर उन्हाळ्यात तो मुलांच्या मागं लागायचा आणि पोरं दर उन्हाळ्यात कारणं सांगायची. माती ओढ्यात जात राहिली. तो गेला तरी ताली झाल्या नाहीत.

“तीन घातल्या,” आक्का म्हणाली. “तुमचा बाप दोनच म्हनायचा. दोघांनी मिळून घातल्या व्हय?”

भीमरावांनी दत्तूकडं बघितलं. बऱ्याच महिन्यांनी बघितलं असावं.

“व्हय आक्का,” भीमराव म्हणाले. “म्हंजे, चाललंय काम.”

“मला उठवून बसवा,” आक्का म्हणाली. “आनि भाकरी आना.”

ती जेवत असताना दोघे भाऊ बाहेर ओट्यावर जाऊन बसले. माधवराव त्यांच्या मागं गेले, काही झालं तर मध्ये पडायला. मी आत राहिले. आक्कानं खुणेनं मला जवळ बोलावलं.

“पोरी, वरची ताल जरा वाकडी काढलीया.”

मी म्हटलं, “नीट करून देऊ का?”

“ऱ्हाऊ दे,” ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. “माझ्या पोरांच्या हातनं वाकडीच व्हनार. मग चित्र खोटं पडंल.”

पाऊस येण्याआधी दोघा भावांनी ताली घातल्या. दुसरा इलाज नव्हता. एकदा आईला सांगितलं होतं, आणि ती रोज संध्याकाळी चित्राकडं बोट करून विचारायची, आज कुठवर आली? भीमराव दुकान लवकर बंद करून गावी जायला लागले. ताल घालायची तर उताराचं सगळं रान एक धरावं लागतं. पाणी कुणाच्या वाटणीचं आहे हे बघून उतरत नाही. त्या गडबडीत वाटणीचा विषय मागं पडला. मधली ताल चिंचेच्या बुंध्यातून गेली, चित्रातल्या पहिल्या बांधासारखी. वरची वाकडी झाली. आम्ही आयुष्यभर जमिनीवरून चित्रं काढली. चित्रावरून जमीन केलेली तेवढी एकच बघितली.

आक्का पुन्हा शेतावर जाऊ शकली नाही. पण त्या भिंतीसमोर ती पुढं बरीच वर्षं बसून होती, आणि तिथून शेती करत होती. चिंच दोघांची राहिली आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडंही येत गेली. मी वर्षानुवर्षं चिंच विकत आणली नाही. आमटी जरा आंबट व्हायची. लोक चित्र बघून माधवरावांच्या हिरव्याचं कौतुक करायचे. सही एकट्या त्यांची असायची, याची मला तेव्हा चुटपुट लागायची. ते प्रत्येकाला न चुकता सांगायचे, हिरवं हिचं, माझी नुसती माती.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला दत्तू आला. आता तोच आक्काच्या वयाचा झालाय. माधवरावांचं कळलं होतं, म्हणून भेटायला आला, आणि येताना चित्र घेऊन आला. धूर आणि धूळ बसून काळवंडलं होतं, साफ करून द्याल का, म्हणाला. मला वाटतं, माझ्या हाताला काम द्यावं, हाच त्याचा हेतू असावा. आम्ही दोघं खिडकीशी बसलो. मी कापसाच्या बोळ्यानं हळूहळू वरची काजळी काढत गेले. तैलरंग जसा म्हातारा होतो तसा आणखी पारदर्शक होतो. खालचं वर दिसायला लागतं. तिन्ही ताली दिसल्या. तात्यांच्या अंगठ्याची घार दिसली. मग मी शेताच्या वरच्या टोकाला गेले, जिथं दत्तूची वाटणी संपते आणि शेजाऱ्याचं रान लागतं. तिथं तपकिरी रंगाखाली एक पुसट पांढरी रेघ होती. नीट खरवडलेली, वर रंग फिरवलेली.

चौथा बांध.

दत्तूनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ह्यो कुनी सांगितला हुता? दादानं?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. भीमरावांनी सांगितला असेल, शेजारच्या शेतकऱ्यानं हुरडा खाताना कानात सांगितला असेल, नाहीतर गाडीच्या बैलानं. माधवराव कुणालाही हो म्हणाले असते. मी त्या वेळी शेजारीच बसले होते आणि मला पत्ता नव्हता. आता विचारायचं कुणाला? मला हसू आलं, आणि ते थांबेना. या घरात इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसत होते. दत्तू आधी घाबरला, मग तोही हसायला लागला.

“म्हंजे ही बी घालावी लागंल की,” तो डोळे पुसत म्हणाला. “हा गुडघा बगा. ह्या वयात कसं व्हायचं, वहिनी?”

मी बोळा तेलात बुडवला.

“होऊन जाईल की,” मी म्हटलं.